भावकीचा माग : वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे

घराण्याच्या इतिहासाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले बहुतेक प्रश्न एकाच जागी अडलेले आहेत. आजोबांचे नाव पक्के, पणजोबांचे ऐकीव आणि त्यापुढे काहीच नाही. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्र. आमच्या तीन पिढ्या ठाण्यात गेल्या. मूळ गाव मुरबाडकडचे, असे ऐकून आहोत. आमच्या आडनावाचे कुलमंडळ आहे, तिथे जायचे ठरवले आहे. ते वंशावळ काढून देतात का? सोबत काय न्यावे? (नौपाडा, ठाणे)

काढून देत नाहीत. पैसे घेऊन आठवड्यात वंशावळ देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. कुलमंडळाचे काम बहुतेक ठिकाणी निवृत्त मंडळी हौसेने सांभाळतात. त्यांच्याकडे छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या शाखांची वंशावळ असलेले पुस्तक असते, त्यानंतर घराघरांतून भरून आलेली माहितीपत्रके असतात, आणि कोणत्या शाखेतले कोण कुठे राहते हे तोंडपाठ असणारी एकदोन माणसे असतात. खरा ठेवा ही माणसेच.

‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ असे विचारलेत तर कुलवृत्तांताची प्रत हातात पडेल, बाकी काही नाही. ‘मुरबाड तालुक्यातले अमुक गाव, 1920 च्या सुमारास ठाण्यात आले, बापाचे नाव हे, चुलत्याचे नाव ते’ असे विचारलेत तर शाखा जुळते की नाही ते तिथल्या तिथे कळते. गाव, दोन पिढ्यांची नावे आणि दशक या तीन गोष्टींशिवाय जाऊ नका. त्यातही भावांची नावे महत्त्वाची. गणपत विठ्ठल एका गावात चार सापडतात. गणपत, महादू आणि सखाराम असे तिघे मुलगे असलेला विठ्ठल सहसा एकच निघतो.

म्हणून आधी घरची झडती घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, नोकरीचे सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, खरेदीखत, जुने रेशनकार्ड, हे सगळे लोक काढतातच. जी दोन साधने हमखास राहून जातात ती म्हणजे लग्नपत्रिका आणि माळ्यावरची भांडी. जुन्या पत्रिकेत निमंत्रकांची नावे नात्यासकट आणि गावासकट असतात. पितळेच्या हंड्यावर, तांब्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी तारीखही कोरलेली असते. भांडी मोडीत घालण्याआधी प्रत्येकाचा तिरप्या उजेडात फोटो काढा. घासून गेलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत.

आणखी एक जवळची वाट. भावकीत कोणी जात पडताळणी केली आहे का ते विचारा. त्या फायलीत शपथपत्रावरची वंशावळ आणि तिला जोडलेले जुने पुरावे आयतेच असतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 या तारखांच्या आधीचे कागद लागतात, त्यामुळे कोणीतरी शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत पोचलेले असते. मात्र शपथपत्रावरची वंशावळ अर्जदाराने स्वतः लिहिलेली असते. पुरावा म्हणून तिला जोडलेले कागद धरा, तिला नव्हे.

शाळेच्या नोंदीतली जन्मतारीख 1 जून दिसली तर ती मास्तरांनी दिलेली समजा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मुलाला तारीख माहीत नसायची, मग सहा वर्षे पुरी होतील असे साल धरून 1 जून टाकून मोकळे व्हायचे. वर्षसुद्धा एकदोनाने पुढेमागे धरावे.

कुलवृत्तांत हातात आला की त्यातल्या रिकाम्या जागांकडे संशयाने पाहा. एखाद्या नावापुढे वंश थांबलेला दिसला म्हणजे तो निर्वंश झाला असे नाही. पुष्कळदा त्या घराने माहितीपत्रकच परत पाठवलेले नसते. जुन्या आवृत्त्यांत मुलींची नावे गाळलेली असतात. दत्तक गेलेला मुलगा दत्तक बापाखाली दाखवतात आणि जन्मदात्याकडचा दुवा नुसता एका खुणेवर राहतो. कुलवृत्तांत ही मागच्या कोणाची तरी मेहनत आहे, पण शेवटचा शब्द नव्हे.

तुमच्या आडनावाचे मंडळ नसेल तर गावाच्या बाजूने शिरा. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासूनचे आहे. संदर्भ विभागात आपल्या किंवा सोयरिकीच्या आडनावांचे कुलवृत्तांत आहेत का ते विचारा. ठाण्यातल्या कोकण इतिहास परिषदेसारख्या संस्थांत एकेका गावावर काम केलेले अभ्यासक भेटतात. त्यांना वंशावळ नका विचारू, गावाचे जुने दफ्तर कुठे आहे ते विचारा.

प्र. आम्ही घणसोलीचे आगरी. जमीन सिडकोत गेली. आज सातबारा काढला तर आमचे नावच नाही. मग पणजोबांपर्यंत जायचे कसे? (घणसोली, नवी मुंबई)

आजचा सातबारा सोडून द्या. 1970 मध्ये सिडको आली आणि त्यानंतर संपादनाच्या नोंदीने तुमची नावे कमी झाली. पण कमी करताना ज्याचे नाव कमी केले ते लिहावेच लागते. सुरुवात तिथून.

पहिला कागद संपादनाचा निवाडा. त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा, क्षेत्र आणि हितसंबंध असलेल्यांची नावे असतात. विशेष भूसंपादन अधिकाऱ्याच्या, म्हणजे लोक ज्याला मेट्रो सेंटर म्हणतात त्या कार्यालयात तो मागा. दुसरा कागद बहुधा घरातच असेल. संपादित जमिनीपोटी मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी ज्यांनी अर्ज केले त्यांना मयत खातेदाराचे वारस सिद्ध करावे लागले. त्यासाठी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढतात आणि त्या अर्जात सगळे वारस नात्यासह लिहिलेले असतात. चुलत घरांपैकी कोणाकडे तरी ही फाईल असतेच. ती मिळाली की दोन पिढ्या एका बैठकीत हाती लागतात.

आता सर्व्हे नंबर मिळाला. त्यावरून जुना हस्तलिखित सातबारा काढा. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकून स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार शोधता येतात. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. जुन्या सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे क्रमांक. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी झालेला माणूस. वर्तुळातला आकडा घेऊन फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, ती नोंद वाचा. तिथे मयत कोण, वारस कोण आणि वारसांत अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, कोण ते कळते. त्या नोंदीतल्या मयताचे नाव आधीच्या फेरफारात वारस म्हणून शोधायचे. असे एकेक पायरी मागे जायचे, उडी मारायची नाही.

या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो. वारस नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. बाप वारल्यावर पंधरा-वीस वर्षांनी, कर्ज काढायची वेळ आली तेव्हा नोंद केलेली अनेकदा दिसते. दुसरे, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याचे भाऊ कागदावर नाहीत म्हणून ते नव्हतेच असे समजू नका. तिसरे आणि सगळ्यात फसवे म्हणजे आडनाव. पाटील हे हुद्द्यावरून आलेले आहे. एकाच गावात म्हात्रे, पाटील, भोईर यांची एकमेकांशी नाते नसलेली घरे असतात. शिवाय जुन्या नोंदीत आडनाव नसतेच, ‘राघो बिन धर्मा’ इतकेच असते. तेव्हा जोडणी आडनावावरून न करता जमिनीवरून करा. तोच सर्व्हे नंबर, तोच हिस्सा एकाकडून दुसऱ्याकडे गेला असेल तरच दुवा पक्का.

पणजोबा मालक नसून कूळ होते असे निघाले तर त्यांचे नाव मालकाच्या रकान्यात शोधून मिळणार नाही. ते इतर हक्कात किंवा पीकपाहणीत कसणाऱ्याच्या जागी असेल. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानंतर कुळांच्या खरेदीची प्रकरणे चालली. कूळ कायद्याच्या कलम 32ग च्या त्या फायलींत कुळाचा जबाब असतो, आणि ‘माझा बाप कसत होता, त्याआधी आजा’ अशी वाक्ये तिथे सापडतात. पणजोबांचे बोलणे कागदावर उतरलेले असे दुसरीकडे क्वचितच मिळते, म्हणून ती फाईल मिळवण्याचा कंटाळा करू नका.

जिल्हा चुकवू नका. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची गावे ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात, आणि रायगडचे नाव 1981 पर्यंत कुलाबा होते. वसई, वाडा, जव्हार, डहाणू हे तालुके 1 ऑगस्ट 2014 ला पालघरमध्ये गेले. भांडुप-मुलुंडकडची 1920 पूर्वीची नोंद ठाणे जिल्ह्याच्या नावावर असते, कारण मुंबई उपनगर जिल्हा त्या वर्षी झाला. तेव्हा नकलेच्या अर्जात त्या काळचे तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव आजच्या नावाशेजारी लिहा.

प्र. कुणबी नोंदींच्या शोधात जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आमच्या गावाच्या कोतवाल बुकाची पाने मिळाली. मोडीत आहेत. वाचून कोणाकडून घ्यावीत आणि वाचणाऱ्याने सांगितले ते खरे कसे मानावे? (शहापूरचे वाचक, सध्या ऐरोली)

2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ठिकठिकाणची दफ्तरे उघडून पाने स्कॅन झाली. वंशावळ शोधणाऱ्याला त्याचा आयता फायदा झाला. कोतवाल बुक म्हणजे गावची जन्म-मृत्यूची वही. जुन्या कागदांत तिला गाव नमुना 14 म्हणतात. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधीचा खेड्यातला हा मुख्य आधार.

त्यात काय नसते ते आधी जाणून घ्या. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते. बारसे व्हायच्या आधी कोतवालाने वर्दी दिलेली असते, म्हणून बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. आजोबांचे नाव शोधत बसलात तर वही कोरी वाटेल. पणजोबांचे नाव शोधा, आणि आजोबांच्या अंदाजी जन्मसालाच्या मागेपुढे पाच वर्षे पाहा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असते: ताप, पटकी (कॉलरा), देवी. एकाच पानावर पटकीच्या नोंदींची रांग लागली असेल तर त्याच महिन्यात घरातले आणखी कोणी गेले का तेही बघा. कित्येक घरांतली तुटलेली शाखा अशा दोन पानांत सापडते.

वाचणाऱ्याविषयी. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे अभ्यासवर्ग होतात, ते पूर्ण केलेले वाचक ठाण्यात आहेत. सरकारी कामासाठी वाचन हवे असेल तर लिप्यंतर करणाऱ्याची सही कार्यालय स्वीकारते का ते काम देण्याआधीच विचारा. दर पानावर ठरवा, आणि ‘पान’ म्हणजे पूर्ण पृष्ठ की तुमची एक ओळ, हेही.

लिप्यंतर मागा, सारांश नको. ओळीला ओळ, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबे, आणि शंकेच्या जागी प्रश्नचिन्ह. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडत नाहीत, आणि हात न उचलता लिहिल्यामुळे घाईतल्या अक्षरात बाळा की काळा हे सरावलेल्यालाही ठामपणे सांगता येत नाही. ज्याच्या लिप्यंतरात एकही प्रश्नचिन्ह नाही त्याच्यावर आमचा विश्वास कमी. पडताळ्याची सोपी रीत अशी: तुमची ओळ कोणती ते न सांगता पूर्ण पान द्या. आपल्याला हवे ते नाव आधी सांगितले की वाचणाऱ्याला तेच दिसू लागते.

फोटो सरळ वरून काढा, समास कापू नका, आणि वहीचे पहिले पान जरूर घ्या. गाव आणि साल तिथेच असते. ‘मौ॥’ म्हणजे मौजे. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. एवढे चार शब्द ओळखायला शिकलात तरी अर्धे पान हाताशी येते.

प्र. जुन्या कागदावर फसली 1300 आणि दुसऱ्यावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे आहे. हे कोणते साल? (कोपरी, ठाणे)

फसली हे महसुली सन. त्यात 590 मिळवा: 1890, आणि वर्ष पावसाळ्यात सुरू होत असल्याने पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंतचा काळ 1891 मध्ये जातो. दुसरे सुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले: एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे 1171. त्यात 599 मिळवले की 1770-71. तेही मृगापासून सुरू होते. शके असेल तर 78, आणि जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीला 79. मूळ नोंद जशीच्या तशी उतरवून ठेवा आणि इसवी सन शेजारी लिहा. पुढे बेरीज चुकली असे दिसले तर दुरुस्त करायला मूळ हवे.

प्र. पणजीचे माहेर शोधायचे आहे. घरात कोणालाच माहीत नाही. (खारकर आळी, ठाणे)

नवऱ्याच्या घरचे कागद इथे फारसे कामाला येत नाहीत, तिच्या भावांचे कागद हवेत. ते कोण हेच माहीत नाही, म्हणून वाट थोडी उलटी आहे. 1956 च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून फेरफारात येऊ लागली, आणि त्यापाठोपाठ हक्कसोडपत्रेही. ‘अमुक हिने भावाच्या लाभात हक्क सोडला’ या ओळीत तिचे सासरचे नाव, गाव आणि माहेरचा बाप तिन्ही एकत्र असतात. पणजीचा बाप 1956 नंतर वारला असेल तर दुय्यम निबंधकाकडची नोंदलेल्या दस्तांची सूची पाहायला हवी. भावाच्या नावे हक्क सोडून देण्यात चांगले काय होते हा वेगळा विषय. वंशावळीला मात्र या कागदाने मोठा हात दिला आहे.

त्याआधीचा काळ असेल तर आजोबांच्या मामांपासून सुरुवात करा. आजोबांच्या लग्नपत्रिकेत, मुंजीच्या आहेराच्या यादीत, भांड्यांवर ‘मामाकडून’ असे आढळते. आजोबांचा जन्म आजोळी झाला असण्याची शक्यता मोठी, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरातला जन्मस्थळाचा रकाना बघा. तिथे ओळखीचे नसलेले गाव असेल तर तेच पणजीचे माहेर धरून कोतवाल बुकाकडे जा.

प्र. त्र्यंबकेश्वरला आमच्या पूर्वजांच्या सह्या असलेली वही आहे म्हणतात. गेल्यावर कोणाला विचारायचे? (कळवा)

देवळात नव्हे, गावच्या तीर्थोपाध्यायांकडे. कोणत्या गावाची, कोणत्या जातीची आणि आडनावाची माणसे कोणत्या उपाध्यायांची, हे परंपरेने ठरलेले असते. मूळ गाव सांगा. ठाणे सांगितलेत तर हाती काही लागणार नाही. त्यांच्या नामावळीत आलेल्याचे नाव, बाप, आजा, भाऊ, मुले आणि बरोबर आलेले चुलते असतात. जुन्या नोंदी मोडीत आणि काही त्या माणसाच्या स्वतःच्या हातच्या. घरात कोणाचे श्राद्ध किंवा नारायण नागबळी तिथे झाला असेल तर ते साल सांगा, शोध लवकर लागतो. 2003 आणि 2015 च्या सिंहस्थात घरातले कोणी गेले होते का तेही विचारा. नवी नोंद सापडली की तिच्यावरून जुनी उघडते. सिंहस्थाच्या काळात गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून, सोमवार आणि पर्वकाळ टाळून जा. वहीचा फोटो काढू देतील असे गृहीत धरू नका, वही-पेन्सिल न्या. आपली नोंद तिथे घालूनच निघा, मुलींच्या नावांसकट.

प्र. आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन. सरकारी कागदांपेक्षा चर्चच्या वह्या जुन्या आहेत असे ऐकले. (चेंदणी)

बरोबर ऐकलेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्च स्वतः ठेवते. फादरांना लेखी अर्ज द्या: नाव, आईबापाची नावे, अंदाजी साल आणि कारण. वही स्वतः चाळू देत नाहीत, शोधून दाखला देतात, म्हणून साल जितके नेमके तितके बरे. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असतात. दाखल्यात फक्त मूल आणि आईबाप येतात, तेव्हा पाद्रिन्यू आणि माद्रिन्या, म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्मपिता आणि धर्ममाता, कोण होते तेही उतरवून द्यायला सांगा. ते बहुधा मामा, आत्या, काका असतात आणि नात्याचा धागा तिथूनच लागतो. आडनाव सारखे म्हणून भावकी समजू नका. डिसोझा आणि परेरा ही नावे एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांना मिळालेली आहेत. पाखाडी, म्हणजे गावातली वस्ती, कोणती ते जुळवा.

प्र. एका संकेतस्थळाने आमचे घराणे थेट एका राजघराण्याला जोडून दिले आहे. (वाशी)

मधल्या प्रत्येक पिढीसाठी एकेक कागद मागा.

प्र. जमलेली माहिती कशात ठेवावी? चुलतभाऊ म्हणतो सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू. (नेरुळ)

ग्रुपवर टाकू नका. हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव आणि पत्ता एकत्र मिळाले की फसवणूक करणाऱ्याला आणखी काय लागते? हयातांचे फक्त नाव आणि पिढी वाटा.

ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. नावे देवनागरीत युनिकोडमध्ये भरा, आणि जेडकॉम नमुन्यात एक प्रत वेगळी काढून ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी माहिती जात नाही. कुलमंडळाकडून जुनी फाईल मिळाली आणि उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसली तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली असते. पुन्हा टंकायला बसू नका, फॉन्टचे नाव विचारून परिवर्तक वापरा, आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. ‘र’ची जोडाक्षरे हमखास बिघडतात.

प्रत्येक नावाला कागदाचा पत्ता द्या: कोणते कार्यालय, कोणती वही, पान, फेरफार क्रमांक, नक्कल मिळाल्याची तारीख. ऐकीव असेल तर कोणी सांगितले आणि कधी. नकलेसाठी कार्यालय दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला 2 रुपये, उत्तराला 30 दिवस. अर्जात ‘आमची वंशावळ द्यावी’ असे लिहिलेत तर तो फेटाळला जाणार, कारण वंशावळ त्यांच्याकडे नसते. ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, फेरफार क्रमांक इतका, याची साक्षांकित प्रत’ असे लिहा.